उडते घोडे, जिवलग स्वार

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे, आणि तेथून थोड्या अंतरावर क्रांती चौकात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा. ज्या मलिक अंबराने १६१० साली खडकी या नावाने हे गाव वसवले, त्याचेही बळ चपळ घोडदळातच होते. आज मात्र घोडा आमच्याकडे उरला आहे तो लग्नाच्या वरातीत आणि म्हणींत! नाही म्हणायला माळेगावच्या यात्रेत आणि सारंगखेड्याच्या बाजारात अजूनही त्याचे दात पाहून वय ठरते नि चाल पाहून बोली लागते.

वाचकहो, या उमद्या जनावराचा एक अजब खेळ आहे : अडथळ्यांवरून उड्या मारण्याचा. मैदानात रंगीत दांड्यांचे अडथळे मांडलेले असतात. दांडी पडली की चार दोष. घोडे अडले तरी दोष. यातली गंमत अशी की घोड्याचे डोळे असतात डोक्याच्या दोन बाजूंना. त्यामुळे अगदी कपाळासमोरचे त्याला दिसत नाही, आणि ऐन झेपेच्या क्षणी अडथळा नजरेआड होतो. म्हणजे ती उडी आठवणीवर आणि पाठीवरच्या माणसाच्या भरवशावर मारायची!

चिलीचा ‘हुआसो’ शर्यतीत कधी चमकला नव्हता. ५ फेब्रुवारी १९४९ रोजी कॅप्टन आल्बेर्तो लार्रागिबेल यांनी त्याला एका प्रचंड अडथळ्यावर घातले. पहिल्या खेपेस घोडे अडले. दुसऱ्या खेपेस दांडी पडली. तिसऱ्या खेपेस सोळा वर्षांचा हुआसो २ मीटर ४७ सेंटिमीटर, म्हणजे आठ फुटांहून अधिक उंची साफ पार करून गेला! हा विक्रम आजतागायत कोणी मोडलेला नाही.

‘हाला’ या जर्मन घोडीची कथा तर डोळ्यांत पाणी आणणारी. १९५६ साली ऑलिंपिकमधील घोडेस्वारीच्या स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. पहिल्या फेरीत तिचा स्वार हान्स गुंटर विंकलर याचा जांघेतला स्नायू फाटला. दुसऱ्या फेरीस तो घोडीवर बसला खरा, पण प्रत्येक उडीला तो कळवळत होता. तिला नीट इशारा देण्याचे त्राणही त्याच्यात नव्हते. हालाने एकही दांडी न पाडता ती फेरी पुरी केली. विंकलरला सुवर्णपदक मिळाले. ते खरे कोणाचे, हे सांगायला नकोच.

त्याच वर्षी अमेरिकेत हॅरी डिलेयर हा घोडेस्वारीचा शिक्षक एका लिलावाला उशिरा पोहोचला. उरलेली जनावरे खाटकाकडे नेण्यासाठी गाडीत चढवली होती. त्यांतल्या एका करड्या घोड्याच्या डोळ्यांत त्याला काहीतरी दिसले, आणि ८० डॉलरांत त्याने त्याचे प्राण वाचवले. पुढे तो घोडा त्याने शेजाऱ्याला विकला, तर पठ्ठ्या कुंपणे ओलांडून परत दारात हजर! हाच ‘स्नोमॅन’. दोन वर्षांत तो राष्ट्रीय विजेता झाला.

आपल्याकडेही अशा जोड्या आहेत. क्रॉसकंट्री आणि उड्या यांचा ज्यात समावेश असतो, त्या संयुक्त स्पर्धेत १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत रघुवीर सिंग यांनी ‘शहजादा’वर सुवर्णपदक जिंकले. मुंबईचे इम्तियाझ अनीस २००० साली सिडनी ऑलिंपिकला गेले. फवाद मिर्झा यांनी ‘सेन्योर मेडिकॉट’वर २०१८ साली जकार्तात रौप्य मिळवले, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये ते तेविसावे आले.

या साऱ्या कथांत चाबूक कुठेच मोठा नाही. हुआसोला तिसरी संधी मिळाली, स्नोमॅनला दुसरा जन्म मिळाला, आणि हालाने मिळालेली माया सव्याज परत केली. पोरगे परीक्षेत अडले किंवा गडी कामात अडला, की आपला हात आधी चाबकाकडे जातो. अशा वेळी एवढेच आठवावे : पुढचे न दिसताही जे जनावर झेप घेते, ते पाठीवरच्या माणसावर विसंबून. तो विश्वास आधी कमवावा लागतो. मग घोडामैदान काही दूर नाही!