खोट्या टर्मिनलची चाळीस वर्षं

१९८३ साली बर्कलेहून ४.२ बीएसडी बाहेर पडली. दूरच्या मशीनवर लॉगिन करायला तिच्यात आरलॉगिन होतं, टेलनेट होतं. पण शेल आणि व्हीआय हे दोघे तारेनं जोडलेल्या टर्मिनलवर वाढलेले. त्यांच्या हाती थेट सॉकेट दिलं तर व्हीआयला स्क्रीन ताब्यात घेता येत नाही आणि कंट्रोल-सी म्हणजे ३ क्रमांकाचा नुसता एक बाइट उरतो.

तोडगा होता स्यूडो-टर्मिनलची जोडी. मास्टर टोक डिमनकडे, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे, स्लेव्ह टोक फोर्क केलेल्या चाइल्ड प्रोसेसकडे, तिचं इनपुट, आउटपुट आणि एरर म्हणून. मधे बसतं कर्नलमधलं लाइन डिसिप्लिन. आरलॉगिनचा डिमन तो ३ क्रमांकाचा बाइट मास्टरमध्ये टाकून मोकळा होतो. तो ओळखून समोर चालू असलेल्या प्रोग्रॅमला इंटरप्टचा सिग्नल देतं ते कर्नल. डिमनकडे मुख्यतः हमाली: सॉकेटमधून मास्टरमध्ये, मास्टरमधून सॉकेटमध्ये. माझ्या मते युनिक्समधल्या सर्वांत हुशार फसवणुकींपैकी ही एक.

जोडी मिळवणं मात्र गचाळ होतं. डिमन /डेव्ह/पीटीवायपी० उघडून बघायचा, ते व्यापलेलं असेल तर पीटीवायपी१, मग पीटीवायपी२, असा एकेक दरवाजा ठोठावत जायचा. पारंपरिक नावांत २५६ जोड्या बसत. स्लेव्हची मालकी लॉगिन करणाऱ्याच्या नावे करायला रूटचे अधिकार लागत, म्हणून एक्सटर्मसारखा साधा प्रोग्रॅमही सेटयूआयडी रूट करून ठेवलेला असे. सिस्टिम फाइव्हच्या वाटेनं आलेल्या /डेव्ह/पीटीएमएक्सनं ही शोधाशोध संपवली: एकच फाइल उघडायची, नवी जोडी हजर. लिनक्सच्या २.२ कर्नलमध्ये, १९९९ साली, ही पद्धत डेव्हपीटीएससह आली.

दरम्यान १९९५ मध्ये फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. पासवर्ड उघडे जायचे थांबले, पण डिमनच्या मागे तीच जोडी राहिली. तुम्ही खिडकी ओढून मोठी केलीत की क्लायंट नवं माप निरोपातून कळवतो, डिमन ते मास्टरवर नोंदवतो आणि कर्नलचा सिग्नल मिळताच व्हीआय स्क्रीन पुन्हा रंगवतो. २००२ च्या सुमारास ओपनएसएसएचनं अधिकार विभागले. तेव्हापासून जोडी उघडतो रूट अधिकाराचा मॉनिटर आणि तिचे डिस्क्रिप्टर युनिक्स सॉकेटवरून दुसऱ्या, बिनअधिकाराच्या प्रोसेसकडे सोपवतो. चाइल्डला यातलं काहीच कळत नाही.

एसएसएचला नुसती एक कमांड दिली तर स्यूडो-टर्मिनल मिळत नाही. टॉप चालवायचं असेल तर टी हा पर्याय द्या. टार फाइल पाइपनं आणताना मात्र तो देऊ नका: लाइन डिसिप्लिन प्रत्येक न्यूलाइनआधी कॅरेज रिटर्न घुसडतं आणि फाइल बिघडते.