घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय : काय जाणून घ्यावं?

पांढुर्णा-सौंसर भागात वरातीची घोडी बाळगणाऱ्यांनी या आजाराची नीट माहिती ठेवायलाच हवी.

■ कारण : रक्तात आयुष्यभर ठाण मांडणारा विषाणू. तो एचआयव्हीच्याच कुळातला. पण माणसाला त्याची लागण होत नाही.

■ प्रसार : चावणाऱ्या घोडमाश्या आणि अनेक जनावरांना टोचलेली एकच सुई.

■ लक्षणं : पुन्हा पुन्हा येणारा ताप, खंगणं, पोटाखाली व पायांवर सूज. काही जनावरं मात्र वरून ठणठणीत दिसतात.

■ तपासणी : मानेच्या शिरेतून रक्त घेतात. जेलीसारख्या थरातल्या खळग्यांत रक्तद्रव व विषाणूचा प्रतिजन शेजारी-शेजारी ठेवतात. लागण असेल तर एक-दोन दिवसांत दोन्हींच्या मध्ये पांढरी रेघ उमटते. ही ‘कॉगिन्स चाचणी’ 1970 च्या सुमारास अमेरिकेत लेरॉय कॉगिन्स यांनी रूढ केली. भारतात घोड्यांच्या आजारांवरची राष्ट्रीय संशोधन संस्था हिस्सारला आहे.

■ लक्षात ठेवा : लागण झाल्यावर ती चाचणीत दिसायला दीड महिनाही लागू शकतो, म्हणून संशय असल्यास फेरतपासणी करावीच. खात्रीचा उपचार नाही. 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार संशयित जनावर वेगळं बांधून गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणं मालकाचं कर्तव्य आहे.