मस्जिद बंदर : समुद्र गेला, बाजार राहिला

घाटनांदूर, अंबाजोगाई, परळी या भागातील आमचे अनेक दुकानदार बंधू माल खरेदीसाठी मुंबईला जातात. लातूरमार्गे गाडी पकडून शिवाजी टर्मिनसला उतरले की पुढचेच स्थानक मस्जिद. तेथून नागदेवी स्ट्रीटवर अवजारे, अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरी, लोहार चाळीत विजेचे सामान, मंगलदास मार्केटात कापड आणि संध्याकाळी परतीची गाडी. ज्या रस्त्यांवरून आपण गाठोडी घेऊन धावतो, ते एकेकाळी समुद्राच्या काठावर होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. या भागाची ओळख व्यापाऱ्याने करून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

नावात राहिलेला समुद्र

मांडवी म्हणजे जकातीची जागा. गलबतांतून उतरलेल्या मालावर येथे जकात घेतली जाई. उमरखाडीच्या नावात खाडी आहे. पायधुणीला भरतीचे पाणी येई. चिखलातून आलेले लोक तेथे पाय धूत, म्हणून ते नाव पडले असे सांगतात. १७८४ च्या सुमारास वरळीकडील खिंडार बांध घालून बंद झाले आणि आतली जमीन कोरडी होऊ लागली. पुढे पूर्व किनाऱ्यावर भराव पडत गेला. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक उघडला. बंदर पूर्वेकडे सरकले, पण पेढ्या मांडवीतच राहिल्या.

पाहण्यासारखी ठिकाणे

मस्जिद स्थानकाचे नाव कोणत्या मशिदीवरून पडले, असे विचारले तर बहुतेक जण चुकतील. ते पडले बेने इस्राएल ज्यूंच्या प्रार्थनागृहावरून. हे मराठी बोलणारे ज्यू आपल्या प्रार्थनागृहालाही मशीदच म्हणत. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये ते स्थापन केले. सॅम्युअल स्ट्रीटवरील ही 'जुनी मशीद' मुस्लिम वस्तीत आजही उभी आहे. शेजारधर्माचा याहून चांगला दाखला कोणता?

शेख मेमन स्ट्रीटजवळची जामा मशीद १८०२ मध्ये पूर्ण झाली. ती एका जुन्या हौदावर उभी आहे. झऱ्यांच्या पाण्यातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर येतात आणि त्यांनी सारी इमारत तोलून धरली आहे. गवंडीकाम करणाऱ्या आमच्या बंधूंनी हे काम मुद्दाम पाहावे.

१८६९ सालचे क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, जवळच आहे. भेंडी बाजारात रौदत ताहेरा या बोहरा समाजाच्या मकबऱ्यात संगमरवरी भिंतींवर सोनेरी अक्षरांत संपूर्ण कुरआन कोरलेले आहे. कोरीव कामाच्या कारागिरांना तेथे पुष्कळ शिकता येईल.

आघात आणि बदल

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. मांडवीची गोदामे जळाली. एका चुकीच्या साठवणीने अख्खी पेठ जाऊ शकते, हा त्यातला धडा. रॉकेल, फटाके आणि कापड एकाच खोलीत ठेवणाऱ्या दुकानदारांनी तो विसरू नये.

दुसरा बदल सावकाश आला. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि जहाजांचा माल तिकडे वळला. १९९० च्या दशकात मसाला व धान्याच्या ठोक व्यापाराचा मोठा भाग वाशीला गेला. २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग झाला. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून न्हावा शेवाकडे जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. १८६८ चा कर्नाक पूल २०२२ मध्ये पाडला गेला. त्या जागी नवा पूल २०२५ मध्ये वाहतुकीस मिळाला. भेंडी बाजारात सुमारे साडेसोळा एकरांवर जुन्या चाळी पाडून मनोरे उभारण्याचे काम एका ट्रस्टने हाती घेतले आहे.

आपण काय घ्यावे?

समुद्र हटला, जकात गेली, गोदामे जळाली, बंदर दूर गेले, तरी मस्जिद बंदरचा व्यापार मोडला नाही. मसाले गेले तेथे सुका मेवा, अवजारे, प्लास्टिक, खेळणी यांची दुकाने चालत राहिली. मालाचा मार्ग बदलला की ज्यांनी माल बदलला ते टिकले. आपल्याकडेही आठवडी बाजाराचे गिऱ्हाईक मोबाईलवरून माल मागवू लागले आहे. केवळ तक्रार करून ते परत येणार नाही.

आणखी एक गोष्ट. जुनी इमारत पाडली जाते तेव्हा वर्षानुवर्षे गाळ्यात बसणाऱ्याला हक्क दाखवण्यासाठी कागद लागतो. वडिलांच्या नावाची भाडेपावती मुलाच्या नावावर झालेली नसेल तर भांडण ठरलेले. घाटनांदूरच्या पेठेतही उद्या रस्ता रुंद होईल, स्थानकाजवळ नवे गाळे निघतील. तेव्हा भाडेपावती, परवाना आणि कराच्या पावत्या आजच एका फाईलमध्ये लावून ठेवा. आणि पुढच्या खरेदीला मुंबईस जाल तेव्हा एक तास काढून जामा मशिदीचा हौद जरूर पाहून या.