आज्ञावली-रचनेच्या विद्यार्थ्याचा संगणक

रायपूरहून धमतरीकडे जाताना लागणाऱ्या अभनपूरच्या विद्यार्थ्याला आज्ञावली-रचना शिकावयाची आहे, आणि घरची शिल्लक एकदाच खर्चावयाची आहे, असे समजू. दुकानदार प्रोसेसरचा वेग पुढे करतो. विद्यार्थ्याने मात्र आधी स्मृती पाहावी.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या यंत्राची मुख्य स्मृती ४० द्विमान अंकांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे अवघी १० किलोबाइट होती. आणि तेवढ्यावर शास्त्रज्ञांनी गहन गणिते सोडविली. आजच्या ८ गिगाबाइट स्मृतीत अशा आठ लाखांहून अधिक स्मृती मावतील! सी किंवा पायथन शिकण्यास ती भरपूर होय. परंतु मोबाइलवरील आज्ञावली तपासण्यासाठी संगणकातच एक आभासी मोबाइल चालवावा लागतो. तेथे १६ गिगाबाइट हवीत. स्मृती पुढे वाढविता येईल काय, हे खरेदीपूर्वीच विचारावे, कारण पुष्कळ लॅपटॉपांत ती पक्की डाखलेली असते. फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी घ्यावी. जुने यंत्रही तिने तरतरीत होते. विजेचा भरवसा नसेल तेथे टेबलावरच्या संगणकाला यूपीएस जोडावा लागतो, तो खर्च किमतीत धरावा. लिनक्स तर विनामूल्यच आहे, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे काही धडे मराठीतही मिळतात.