रक्तवाहिनी मोकळी झाली, तरी हृदय अशक्त का?

आमच्या हृदयरोग विभागात रुग्णांचे नातेवाईक एक प्रश्न वारंवार विचारतात : "अँजिओप्लास्टी वेळेवर झाली, रक्तवाहिनी मोकळी झाली, मग हृदय अशक्त का राहिले?" प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, तथापि तज्ज्ञ डॉक्टरांकडून समजून घेतलेले या प्रश्नाचे उत्तर विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासाठी येथे देत आहे.

हृदयाच्या स्नायुपेशीचा सुमारे एकतृतीयांश भाग तंतुकणिकांनी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांनी, व्यापलेला असतो. पेशीची ऊर्जा येथेच निर्माण होते. प्रत्येक तंतुकणिकेला दोन पटले असतात. त्यांतील आतले पटल इतके काटेकोर असते की हायड्रोजनचा सूक्ष्म कणही ठरावीक मार्गानेच ये-जा करू शकतो. या बंदिस्तपणावरच ऊर्जानिर्मिती अवलंबून असते.

हृदयविकाराच्या झटक्यात प्राणवायू खुंटतो, पेशीतील आम्लता वाढते व कॅल्शियम साचू लागते. रक्तपुरवठा सुरू न झाल्यास या पेशींचा मृत्यू अटळ असतो. म्हणून रक्तवाहिनी उघडणे अनिवार्यच होय. परंतु रक्त परतताच आतापर्यंत पटलाला मिटलेले ठेवणारी आम्लता ओसरते, प्राणवायूपासून विघातक रेणू तयार होतात आणि कॅल्शियमने भरलेल्या तंतुकणिकेच्या आतल्या पटलात छिद्र उघडते. ते क्षणभरच उघडले तर पेशी सावरते. उघडेच राहिले तर ऊर्जानिर्मिती थांबते, तंतुकणिका फुगते, बाहेरचे पटल फाटते आणि पेशी मरते. तिच्या जागी व्रण उरतो. व्रण आकुंचन पावत नाही. हृदयाच्या अशक्तपणाचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

हे छिद्र औषधाने मिटवता येईल काय? अवयवरोपणात वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन त्यास अटकाव करते. २००८ साली फ्रान्समध्ये ५८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने आशा निर्माण केली. मात्र २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ९७० रुग्णांच्या युरोपीय अभ्यासात वर्षअखेरीस कोणताही लाभ दिसून आला नाही. या कार्यासाठी नित्य उपचारात स्थान मिळालेले औषध अद्याप उपलब्ध नाही.

तूर्त हाती उरतो तो वेळ. रक्तपुरवठा जितका लवकर सुरू होईल, तितक्या अधिक पेशी सावरण्याच्या स्थितीत असतात. म्हणून छातीतील दुखणे 'पित्त असेल, सकाळी पाहू' असे म्हणून अंगावर काढू नये, ही कुटुंबीयांना कळकळीची विनंती.

देणगीदारांनाही एक निवेदन. रात्रपाळीचे तंत्रज्ञ आणि सज्ज ठेवलेली रुग्णवाहिका यांवरील रक्कम हिशेबात खर्चाच्या बाजूला दिसते. एखाद्या रात्री रुग्ण न आल्यास ती वाया गेली, असेही वाटते. परंतु ज्या रात्री रुग्ण येतो, त्या रात्री वाचलेल्या प्रत्येक मिनिटाचे मोल त्याच्या हृदयात आयुष्यभर जमा राहते. ताळेबंदात त्यासाठी रकाना नाही. म्हणून येथे कृतज्ञतापूर्वक नोंद.