पांढरट पडलेलं काळं प्लास्टिक: काय खरं, काय खोटं

शोरूममधून गाडी बाहेर पडते तेव्हा बंपरची खालची कड, चाकांभोवतीचं क्लॅडिंग, आरशांचा बुंधा, काचेखालची वायपरची जाळी हे सगळं गडद काळं असतं. काही उन्हाळे गेले की रंगवलेला पत्रा अजून चकाकत असतो, पण हे काळं प्लास्टिक राखाडी आणि मग पांढरट दिसू लागतं. गाडी आहे त्यापेक्षा कितीतरी जुनी वाटते. विकायला काढली तर घेणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. मग सल्ले सुरू होतात. कुणी खोबरेल तेल सांगतं, कुणी डिझेलचं फडकं, कुणी बूट पॉलिश, कुणी हीट गन. यातल्या बहुतेक उपायांनी पाच मिनिटांत फरक पडलेला दिसतो, आणि हे गैरसमज इतके टिकून आहेत ते त्या फरकामुळेच.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ‘रंग उडाला’. या प्लास्टिकवर रंग कधी दिलेलाच नसतो. काळी पूड साच्यात जाण्याआधीच प्लास्टिकच्या दाण्यांत मिसळलेली असते, त्यामुळे पट्टी मधोमध कापली तरी ती आरपार काळीच निघते. एखादा सुटा भाग हाती आला तर उलटा करून बघा. मागच्या बाजूला कोनी कंसांत ‘पीपी + ईपीडीएम-टी २०’ अशा धर्तीची इंग्रजी अक्षरं उठवलेली दिसतील. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ईपीडीएम हे धक्का सोसावा म्हणून मिसळलेलं रबर. टी २० म्हणजे ताठपणासाठी घातलेली २० टक्के टाल्क, अर्थात शंखजिऱ्याची पूड. ही पूड मुळात पांढरी असते, हे लक्षात ठेवा.

उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीनच्या लांबच लांब साखळ्या तुटतात आणि तुटलेल्या टोकांशी हवेतल्या ऑक्सिजनचा संयोग होतो. पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात आणि आतली शंखजिऱ्याची पूड उघडी पडते. या भेगांवर आणि पुडीवर पडलेला उजेड सगळ्या दिशांना विखुरतो. असा विखुरलेला उजेड आपल्याला पांढरट दिसतो. कोरडं बोट जोरात फिरवलं आणि बोटाला पांढरी भुकटी लागली, तर हेच झालं आहे असं समजा. खराब झालेला थर मिलिमीटरच्या अंशाइतका असतो आणि त्याखालचं प्लास्टिक अजून काळंच असतं. बिघाड रंगाचा नाही, पृष्ठभागाचा आहे. एवढी एक गोष्ट मनात पक्की झाली की पुढचा प्रत्येक उपाय आपल्याला स्वतःला पारखता येतो.

‘काळा रंग ऊन ओढतो, म्हणून काळं प्लास्टिक लवकर खराब होतं,’ असंही ऐकायला मिळतं. काळं प्लास्टिक जास्त तापतं हे खरं, आणि तापल्याने ऱ्हासाचा वेग वाढतो हेही खरं. पण अतिनील किरणांपासून प्लास्टिकला वाचवणाऱ्या स्वस्त आणि खात्रीच्या पदार्थांत काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, अगदी वरच्या क्रमांकावर आहे. शेतातली ठिबकची नळी काळी असते ती याच कारणाने. पाण्याच्या काळ्या एचडीपीई पाइपांत अडीच टक्क्यांच्या आसपास काजळी मुद्दाम घालतात. गाडीच्या प्लास्टिकमध्ये काजळीच्या जोडीला ऊन सोसणारी स्थिरक रसायनंही असतात. ती वर्षानुवर्षं काम करत हळूहळू खर्ची पडतात आणि वरून काहीही चोळून परत भरता येत नाहीत. बाटलीवर ‘प्लास्टिकला पोषण’ असं लिहिलेलं दिसलं तर त्या शब्दांवर पैसे घालवू नका.

आपल्याकडचं ऊन या बाबतीत फार कडक आहे. पुण्यामुंबईत मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो. त्यामुळे आडवे, आभाळाकडे तोंड असलेले भाग सगळ्यात आधी जातात. वायपरची जाळी दारावरच्या उभ्या पट्टीच्या कितीतरी आधी पांढरी पडते. कल्याण-डोंबिवलीच्या स्टेशनाबाहेर दिवसभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या स्कूटरच्या फूटबोर्डाचंही तेच होतं. ढगाळ दिवशी काही होत नाही असं मानू नका, अतिनील किरणं ढगांतूनही बऱ्यापैकी खाली येतात.

आता तेलाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त विश्वास त्यावरच आहे. पांढरट प्लास्टिकवर नुसतं पाणी मारून पाहा. ते लगेच काळं होतं आणि वाळलं की पुन्हा पांढरं. भेगांत हवा असते तेव्हा हवा आणि प्लास्टिक यांच्या अपवर्तनांकात मोठा फरक असतो, म्हणून उजेड विखुरतो. हवेचा अंक १, पॉलिप्रॉपिलीनचा १.४९. पाण्याचा १.३३, म्हणजे फरक कमी होतो. खोबरेल तेलाचा १.४५, म्हणजे फरक जवळजवळ उरतच नाही. म्हणून तेल लावलेलं प्लास्टिक नव्यासारखं दिसतं. भेगा तिथेच असतात, फक्त भरलेल्या असतात. तेल वाळून घट्ट होत नाही, त्यामुळे रस्त्यावरची धूळ त्यावर चिकटते आणि फडक्याने पुसलं की तिचा चिखल खाचांत जाऊन बसतो. वळवाच्या पहिल्या दोन सरींत निम्मं तेल ओघळून दारावर उतरतं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळे नाशिकच्या जानेवारीतल्या सकाळी काळ्या पट्टीवर पांढरा मेणट थर दिसतो. जवसाचं तेल वाळून कडक होतं म्हणून कुणी ते सुचवतं. ते कालांतराने पिवळं पडतं. शिवाय त्याने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. घरात लहान मुलं असोत वा नसोत, हा प्रयोग नको.

टायर पॉलिश आणि बाजारातली तकतकीत ड्रेसिंग याच जातीची, फक्त तेलाच्या जागी सिलिकॉन. चांगल्या कंपनीचं पाण्यात मिसळलेलं ड्रेसिंग काही आठवडे बरं दिसतं, चिकटतही कमी, आणि दर धुण्याला लावायची तयारी असेल तर त्यात गैर काही नाही. दोन गोष्टी मात्र पाळा. स्कूटरच्या फूटबोर्डाला, पायाच्या रबरांना, सीटला ते कधीही लावू नका. पाय घसरला की जिवावर बेततं. आणि गाडी रंगवायला द्यायची असेल तर आधी काही दिवस सिलिकॉनचं काहीही लावू नका. सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला तर नव्या रंगात बारीक खड्डे पडतात आणि पेंटरला ते काम पुन्हा करावं लागतं.

डिझेल आणि रॉकेल यांची गोष्ट तेलापेक्षा वाईट आहे. ईपीडीएम रबराला खनिज तेल मुळीच मानवत नाही, ते फुगतं आणि सैल पडतं. दारांच्या आणि काचांच्या कडेची रबरं बहुधा याच रबराची असतात, त्यामुळे डिझेलचं फडकं बंपरवरून सरकत तिथे पोचलं की नुकसान दुप्पट. पेट्रोल आणि थिनर तर दूरच ठेवा. पॉलिप्रॉपिलीन थोडा वेळ तग धरेल, पण पुढची जाळी आणि आरशांची टोपणं बऱ्याचदा एबीएस या वेगळ्या प्लास्टिकची असतात आणि थिनरने ती विरघळू लागतात. हेडलाइटचं पॉलिकार्बोनेट पेट्रोलच्या स्पर्शाने तडकतं.

प्रत्येक पांढरा डाग उन्हाचा नसतो, हे सांगणारं सहसा कुणी भेटत नाही. रंगवलेल्या पत्र्याला लागून काळ्या पट्टीवर कडेकडेने पांढरी रेघ दिसत असेल, तर ते वाळलेलं बॉडी पॉलिश किंवा वॅक्स आहे. वॉशिंग सेंटरवरच्या मशिनचं फडकं पट्टीवरून फिरलं आणि पॉलिश खडबडीत दाण्यांत अडकलं, एवढंच. मुलांच्या कंपासमधला साधा पांढरा खोडरबर त्यावर घासून पाहा, बरंचसं निघून येतं. बोअरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांकडे तिसराच प्रकार असतो. थेंबांच्या आकाराचे, कडेला दाट आणि मधे फिकट डाग. ते क्षार आहेत. व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून ओलं फडकं मिनिटभर धरा आणि भरपूर पाण्याने धुवा. या दोन्ही प्रकारांत प्लास्टिक शाबूत असतं आणि त्यासाठी कोटिंगवर खर्च करायचं कारण नाही.

हीट गनचे व्हिडिओ पाहून अनेकांना ती जादू वाटते. ‘उष्णतेने आतलं तेल वर येतं,’ हे त्यामागचं नेहमीचं स्पष्टीकरण चुकीचं आहे. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांच्या आसपास वितळतं. वरचा पातळ थर क्षणभर वितळतो, भेगा बुजतात, उघडी पडलेली पूड पुन्हा प्लास्टिकमध्ये बुडते आणि पट्टी काळी दिसते. फरक खरा आहे, पण महागात मिळवलेला. गनच्या तोंडातून निघणारी हवा कित्येकशे अंशांची असते, हात क्षणभर थांबला की कारखान्यात उठवलेले दाणे सपाट होतात आणि तिथे कायमचा चकचकीत ठिपका राहतो. पातळ पट्टी वाकते, शेजारच्या रंगाला फोड येतात, बंपरमधला पार्किंग सेन्सर जवळ असेल तर तोही जातो. भेगा बुजल्या तरी खर्ची पडलेली रसायनं परत येत नाहीत, त्यामुळे पुढचे काही महिने ऊन लागलं की पांढरेपणा पुन्हा दिसू लागतो. आधी कुणी डिझेल किंवा तेल चोळलेलं असेल तर आगीचा धोकाही आहे. माझं मत स्पष्ट आहे: घरी हा उपाय करू नये. पॉलिश पेपरने घासण्याबद्दलही हेच म्हणेन. खालचं काळं प्लास्टिक लागतं, पण दाणे जातात ते जातातच.

हार्डवेअरच्या दुकानातला मॅट ब्लॅक स्प्रे मारून पावसाळ्यात पापुद्रे निघाले की लोक म्हणतात, प्लास्टिकवर रंग धरतच नाही. पण गाडीचा रंगवलेला बंपरही बहुधा याच पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि त्याचा रंग वर्षानुवर्षं टिकतो. या प्लास्टिकची पृष्ठऊर्जा कमी असल्याने नुसता रंग त्याला चिकटून राहत नाही. कारखान्यात त्यावर आधी ज्योत फिरवून किंवा खास प्रायमर देऊन ते रंगासाठी तयार केलं जातं. तेव्हा रंगवायचंच असेल तर पॉलिप्रॉपिलीनला चालणारा प्लास्टिक प्रायमर आधी द्यायला सांगा, आणि तो देणार नसतील तर काम देऊ नका.

मग टिकतं काय? भेगांत शिरून तिथेच घट्ट होणारं काहीतरी: काजळी असलेलं ट्रिम रिस्टोअरर किंवा प्लास्टिकसाठीच बनवलेलं सिरॅमिक कोटिंग. तेही कायमचं नाही. ऊन आणि धुणं किती आहे त्यावर कमीअधिक टिकतं, पण तेलाशी त्याची तुलनाच नाही. ते टिकणार की नाही हे बाटलीपेक्षा साफसफाईवर ठरतं. काम सावलीत, थंड पट्टीवर करा. साध्या शाम्पूने धुऊन मग ऑल पर्पज क्लीनर पातळ करून मऊ ब्रशने गोल गोल घासा. पहिला फेस करडा-तपकिरी निघतो; तो धुऊन पुन्हा घासायचं, फेस पांढरा येईपर्यंत. मग पाणी टाकून बघा. पाणी पसरलं तर ठीक, पण थेंब गोळा होत असतील तर जुनं सिलिकॉन अजून शिल्लक आहे. फटींतलं पाणी पूर्ण वाळू द्या, निम्म्या पाण्यातल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, शेजारच्या रंगावर मास्किंग टेप लावा, हातमोजे घाला आणि स्पंजने पातळ थर द्या. उरलेलं लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या, नाहीतर चट्टे राहतात. निदान २४ तास पाणी लागू देऊ नका. दिवाळीनंतरचे कोरडे महिने याला उत्तम, भर पावसाळ्यात हे काम काढू नका.

पूर्ण गाडीला हात घालण्याआधी एका लपलेल्या पट्टीच्या मधोमध टेप लावून अर्ध्याच भागावर हे करून बघा. दोनदा गाडी धुतल्यावरही फरक टिकला तरच पुढे जा. पट्टीला तडे गेले असतील, बोटाने दाबल्यावर कड तुटत असेल, तर कशावरही खर्च करू नका, ती बदला. आणि नवी पट्टी बसवलीत किंवा नवी गाडी घेतलीत, तर पांढरेपणा दिसायची वाट पाहू नका. कोटिंग पहिल्याच हिवाळ्यात करून घ्या आणि मिळेल तिथे गाडी सावलीत लावा.