दुर्बीण चौकात यावी

आकाश सर्वांचे आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु त्यातील पाच तारे नावानिशी दाखविणारे आपल्यांत कितीजण निघतील? स्वाती आणि चित्रा आपणांस पंचांगातून ठाऊक असतात, आकाशातून नसतात. ही उणीव भरून काढणे, हेच आकाशदर्शन मंडळाचे खरे काम होय.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. पुढे १९८८ मध्ये ‘आयुका’ हे विद्यापीठांसाठीचे खगोलशास्त्र केंद्र तेथेच निघाले. संशोधन हे त्याचे मुख्य कार्य. तरीही त्याने शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने ठेवली आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी आपली दारे सर्वांना उघडली. संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. विद्वानाने लोकांशी कसे नाते जोडावे, याचा हा वस्तुपाठच नव्हे काय?

पुण्याची दुर्बीण रोज कुपवाडला येणार नाही. प्रारंभी तिची गरजही नाही. जाणत्याचे बोट पुरते. कुपवाडचे अक्षांश सुमारे १७, म्हणून ध्रुवही क्षितिजावर सुमारे १७ अंशच दिसतो. लांब केलेल्या हाताची मूठ अंदाजे १० अंश झाकते. उत्तर क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवा. दुसरी मूठ संपण्यापूर्वीच ध्रुव सापडेल. सप्तर्षींतील पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेषा पुढे वाढविली, की खात्री पटते. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली, तर नारिंगी स्वाती भेटते. मेअखेरीस रात्री दहाच्या सुमारास ती आपल्या जवळजवळ माथ्यावर असते. तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे ३७ वर्षांपूर्वी निघालेला आहे!

हे ज्ञान केवळ करमणुकीचे नाही. १६ फेब्रुवारी १९८० रोजी शेजारच्या कर्नाटकात खग्रास सूर्यग्रहण झाले. त्या दिवशी देशात अनेक ठिकाणी भीतीने दारे बंद झाली, रस्ते ओस पडले. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे सायंकाळी खंडग्रास ग्रहण आहे. त्या वेळी उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये; पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून कागदावर पडणारी सूर्याची प्रतिमा पाहावी. ढगांनी वाट दिली, तर ती दाखविणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक चौकात असावा. त्याची तयारी आजपासून, गच्चीवरच्या त्या दोन मुठींपासून, करता येईल.